विक्री उमरग्यात, दुरुस्ती सोलापुरात

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या मधल्या खोलीतला पंखा काठीने ढकलल्याशिवाय फिरेनासा झाला. बटण दाबलं की नुसता हुंकार यायचा, पाती जागची हलायची नाहीत. झाडूच्या दांड्याने एक पातं ढकललं की मग हळूहळू वेग धरायचा, तोही पहिल्यासारखा नाही. घरी येणारा प्रत्येक जण वर बघायचा आणि म्हणायचा, नवा घेऊन टाका आता, उन्हाळा तोंडावर आलाय. उमरग्याचा उन्हाळा माहीत असलेल्या माणसाचा तो सल्ला चुकीचा म्हणता येणार नाही.

मी मेन बंद केला, स्टुलावर चढले आणि दांडीवरची प्लास्टिकची वाटी खाली सरकवली. आत काड्यापेटीएवढा एक पांढरा डबा होता. त्याला पुस्तकात कपॅसिटर म्हणतात, बाजारात कंडेन्सर. डब्यावर अडीच मायक्रोफॅरड असं लिहिलेलं होतं. पेचकसाच्या मुठीला धरून पात्याने त्याची दोन्ही टोकं एकदा जोडली, कारण लाइट बंद केल्यावरही त्यात थोडी वीज साठून राहू शकते. मग तारा सोडवल्या आणि तेवढ्याच आकड्याचा नवा आणून बसवला. हॉटेलातल्या एका चहा-नाश्त्याच्या पैशांत पंखा पुन्हा पूर्ववत झाला.

यात हुशारी काहीच नव्हती, पण कारण समजलं तर ती गोष्ट मनातून जात नाही. घरातली वीज एका फेजची. तिच्यामुळे तयार होणारं चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी उलटसुलट होतं, गोल फिरत नाही. दुसऱ्या वेटोळ्यातला प्रवाह थोडा पुढे सरकवला की ते क्षेत्र फिरायला लागतं आणि पात्यांना ओढून नेतं. प्रवाह पुढे सरकवायचं काम त्या पांढऱ्या डब्याचं. उष्णतेने आणि वर्षानुवर्षांच्या वापराने त्याची ताकद कमी होते आणि पंखा ढकलण्याची वाट बघत बसतो. म्हणजे मोटार शाबूत असते, बेअरिंग शाबूत असतं, पाती शाबूत असतात. एका लहानशा डब्यासाठी आपण चार किलो लोखंड आणि तांबं भंगारात देतो.

अशा वेळी जाणकार मंडळी म्हणतात की लोक आळशी झाले, वापरा आणि फेका ही वृत्ती आली, आमच्या आजीच्या काळी असं नव्हतं. मला हे पटत नाही. लोकांची वृत्ती बिघडली असती तर कुकरही फेकला गेला असता. कुकर मात्र कोणी फेकत नाही. माझ्या ओळखीत वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षं चाललेले कुकर आहेत. रिंग सैल झाली की ती बदलायची, शिट्टी नीट वाजेना तर छिद्र सुईने मोकळं करायचं, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर नवा बसवायचा, मूठ हलायला लागली तर स्क्रू आवळायचा. हे सगळं स्वयंपाकघरात, हातासरशी, बहुतेक वेळा बाईच करते. आणि कुकर ही काही साधी वस्तू नव्हे. वाफेच्या दाबाखाली चालणारं, चुकलं तर जीवावर बेतणारं ते यंत्र आहे. तरीही ते घरच्या घरी दुरुस्त होतं, कारण त्याचा प्रत्येक भाग भांड्यांच्या दुकानात टांगलेला मिळतो, तो कोणत्याही पेचकसाने निघतो आणि कोणता भाग कशासाठी हे आईने मुलीला दाखवलेलं असतं.

शिलाई मशीनचंही तसंच. शटल काढून धाग्याचा गुंता साफ करणं, दाब कमी-जास्त करणं, तेल घालणं, पट्टा ताणून बसवणं ही कामं मराठवाड्यातल्या किती बायकांनी आयुष्यभर केली असतील. त्यांना कोणी कधी कारागीर म्हटलं नाही. दुरुस्ती म्हणजे दुकानातला पुरुष, हातात सोल्डरिंग आयर्न, असंच चित्र आपल्या डोक्यात आहे. त्यामुळे घरात रोज होणारी दुरुस्ती आपल्याला दिसतच नाही आणि ती कोणत्या अटींवर टिकून आहे याचा विचारही होत नाही. त्या अटी मला तीनच दिसतात. भाग जवळ मिळायला हवा, वस्तू उघडायला हवी आणि उघडल्यावर काय बघायचं ते कोणीतरी सांगितलेलं हवं. यातली एक जरी तुटली तरी चांगल्यातला चांगला काटकसरी माणूस नवी वस्तू घ्यायला निघतो.

आमच्या वॉशिंग मशीनच्या वेळी तिन्ही एकदम तुटल्या. वीज कमी-जास्त होण्याच्या एका संध्याकाळी मशीन बंद पडलं ते पडलंच. टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवली. पाचव्या दिवशी एक मुलगा मोटारसायकलवरून आला, झाकण उघडून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, कंट्रोल बोर्ड गेलाय, या मॉडेलचा आता येत नाही. मशीन सहा वर्षांचं होतं. मला त्या मुलाचा राग आला नाही. ऊन डोक्यावर घेऊन तो कुठून कुठे आला होता, आणि त्याच्या हातात द्यायला कंपनीने काही ठेवलंच नव्हतं.

उमरगा पुणे-हैदराबाद महामार्गावर आहे. सोलापूर नव्वदेक किलोमीटर, हैदराबाद त्याच्या दुपटीहून लांब. चौरस्त्यावर उभं राहिलं की टीव्ही, फ्रिज, एसी भरलेले ट्रक दोन्ही बाजूंनी जाताना दिसतात आणि त्यातले काही आपल्याकडे उतरतात. मुरूम, येणेगूर, तुरोरीपर्यंत वस्तू पोचते, हप्त्यावर पोचते, घरात आणून बसवूनही दिली जाते. विक्रीला अंतर राहिलेलं नाही. दुरुस्तीला मात्र सगळं अंतर तसंच आहे. बोर्ड सोलापुरात, नाहीतर पुण्यात, नाहीतर कुठेच नाही. वस्तू जिथपर्यंत विकली जाते तिथपर्यंत तिची दुरुस्ती यायला हवी, नाहीतर ती विक्री अर्धीच झाली, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. तालुक्याच्या ग्राहकाने पूर्ण किंमत मोजलेली असते. त्याला मिळते ती वॉरंटीच्या मुदतीपुरती वस्तू.

हे दुखणं नवीन नाही आणि त्यातूनही काही चांगलं निघालेलं आहे. १९६० च्या सुमारास मुंबईत माथुर नावाच्या कुटुंबात जर्मन बनावटीचा एक मिक्सर होता. आपले मसाले, आपली डाळ-तांदळाची वाटणं त्याला झेपली नाहीत, तो जळाला आणि इथे दुरुस्त करून मिळेना. सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये अभियंता होते. पत्नी माधुरी यांच्या आग्रहावरून त्यांनी आपल्या वाटणाला टिकेल अशी मोटार घालून यंत्र तयार केलं. १९६३ मध्ये ते ‘सुमीत’ या नावाने आलं आणि पुढे मराठी घरांत ओट्यावर जाऊन बसलं. परदेशी यंत्राची दुरुस्ती न होणं हे आपल्या मिक्सरच्या जन्माचं कारण आहे. आणि त्या पिढीच्या मिक्सरची रचना बघा. कार्बन घासले की बाजूची टोपी फिरवून नवे घालता येतात, खालचं कपलर झिजलं की बदलता येतं, पातं बोथट झालं की धार लावता येते. कार्बन आधी झिजावेत आणि मोटार वाचावी अशीच ती मांडणी आहे. ज्याने ते यंत्र रचलं त्याला माहीत होतं की ते कधीतरी बिघडणार आणि कोणीतरी ते उघडणार.

उमरग्यात अशी उघडणारी माणसं अजून आहेत. बस स्टँडच्या मागच्या बाजूला मी ज्यांच्याकडे जाते ते चाचा मूळचे शेतातल्या मोटारी भरणारे. मोटार भरणं हा आपल्याकडचा शब्दच किती नेमका आहे. जळालेल्या तारांची वेटोळी छिन्नीने तोडून काढायची, वेढे मोजायचे, तारेची जाडी मोजायची, खाचांत कागद घालायचा, तेवढेच वेढे पुन्हा हाताने भरायचे, वरून वार्निश. थ्री फेजमधला एक फेज गेला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही की मोटार जळते आणि ऐन पाण्याच्या पाळीत शेतकरी ती खांद्यावर टाकून घेऊन येतो. जुनी तांब्याची तार वजनावर जाते आणि बिलातून तेवढे पैसे कमी होतात. आता स्वस्त पंख्या-कूलरच्या मोटारींत अ‍ॅल्युमिनियमची तार येते. तिला भंगारात तांब्याइतका भाव नाही आणि भरायचा खर्च तेवढाच. चाचा कानशीने तार जरा घासतात, आत पांढरी निघाली की मोटार बाजूला ठेवतात. ही मोटार भरायची नाही हे तिच्या कारखान्यातच ठरलेलं होतं.

त्यांच्या फळीवर शंभर वॉटचा एक जुना पिवळा बल्ब आहे. सगळ्या दुकानाची अक्कल त्या बल्बात आहे, असं मला वाटतं. आलेली वस्तू ते थेट प्लगमध्ये घालत नाहीत. आधी त्या बल्बातून वीज जाते, मग वस्तूत. वस्तू आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि बाकी काही जळत नाही. बल्ब मंद पेटला तर वीज कशाततरी अडून जातेय, म्हणजे मोटार जिवंत आहे. पेटलाच नाही तर तार कुठेतरी तुटलीय. तीन उत्तरं, एका बल्बात. एलईडी दिव्याने हे काम होत नाही, म्हणून ते असे बल्ब मिळतील तिथून घेऊन जपून ठेवतात. माझं वॉशिंग मशीन हातगाडीवरून नेलं तेव्हा त्यांनी बोर्ड काढून मोटारीला ही बल्बची वायर लावली. बल्ब मंद पेटला. “मॅडम, मशीनला काही झालेलं नाही. डोकं गेलंय फक्त.”

यावरचा पहिला आक्षेप विजेचा, आणि जुनं चालवत राहणं नेहमीच शहाणपणाचं नसतं हे खरं. जुना छताचा पंखा पंचाहत्तर वॉट घेतो, नवा बीएलडीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारा, तीस-पस्तीस. दिवसाला बारा तास पंखा चालणाऱ्या घरात रोज अर्धा युनिट वाचतो, आणि आमच्याकडे पंखे आठ-नऊ महिने चालतात, म्हणजे वर्षाकाठी सव्वाशे युनिटच्या आसपास. हा आकडा डावलून जुन्याचं कौतुक करणं योग्य नाही. पण त्याच नव्या पंख्याच्या पोटात एक सर्किट बसवलेलं आहे. ते बिघडलं तर काठीने ढकलून पंखा फिरत नाही आणि दुसऱ्या कंपनीचं सर्किट सहसा त्यात बसत नाही. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं. वीज किती खाणार हे खोक्यावर छापायला लावता आलं, तर सर्किट किती वर्षं मिळणार आणि कुठे मिळणार हेही छापायला लावता आलं असतं. वीज वाचवणं आणि वस्तू टिकवणं यांचं वैर नाही. ते आपण होऊ दिलं.

दुसरा आक्षेप जीवाचा, आणि तो मी सगळ्यात गंभीरपणे घेते. मराठवाड्यात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या येतात. लोखंडी पत्र्याची पेटी, आत पाणी, पंपाची वायर उंदराने कुरतडलेली, घराला अर्थिंग नाही किंवा आहे ते कोरड्या जमिनीत नावापुरतं. हात ओला, पाय अनवाणी. घरची दुरुस्ती याच घरात करायची तर पहिली दुरुस्ती अर्थिंगची. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालायचं, मेन बोर्डावर तीस मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारं ईएलसीबी बसवायचं आणि कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेलाच असायचा. मायक्रोवेव्हला घरी हात लावायचा नाही, त्यातला कपॅसिटर पंख्यासारखा नसतो, तो मारून टाकतो. फ्रिजच्या नळ्यांनाही नाही, नव्या बऱ्याच फ्रिजमधला गॅस पेट घेणारा आहे. इन्व्हर्टरची बॅटरी फोडून शिसं काढणं तर पोराबाळांच्या रक्तात विष घालणं आहे. कुठे थांबायचं हे ज्याला कळतं त्यालाच दुरुस्ती कळली. पण हेही शिकवल्याशिवाय कसं कळणार? हात लावू नका एवढंच सांगत राहिलो तर लोक हात लावतातच, फक्त न शिकता लावतात.

आमच्या भागाने हे शिकणं एकदा फार मोठ्या प्रमाणावर केलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होतं. जवळपास आठ हजार माणसं गेली, दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदावरच्या मातीच्या भाराखाली. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, ते सगळ्यांना आठवतं. त्याहून कितीतरी जास्त घरं जागेवरच दुरुस्त आणि मजबूत केली गेली, ते कमी आठवतं. माळवदावरची माती कमी करायची, भिंतीच्या दोन थरांना बांधणारे आरपार दगड घालायचे, लाकडी खणाच्या खांबांना तिरपे टेके द्यायचे. पैसे आणि सामान घरमालकाच्या हातात, काम त्याच्या देखरेखीखाली. आणि गावोगाव हे समजावून सांगायला नेमल्या होत्या महिला मंडळांतल्या बायका. ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ या संस्थेने त्यांना तयार केलं, त्यांना संवाद सहायक म्हणत. कधी गावाच्या बैठकीत न बोललेल्या बायका भिंतीत दगड आडवा का घालायचा हे पुरुषांना सांगत होत्या. घरासारखी घरं आपण शिकून दुरुस्त केली, तीही माणसं गमावल्यावर. तिथे मिक्सरचं आणि मशीनचं झाकण आपल्याला कळण्यापलीकडचं आहे, हे मी मानायला तयार नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत दिल्लीतही हालचाल आहे. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं हे त्याचे चार भाग. मे २०२५ मध्ये एका समितीने दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक कसा असावा याचा अहवाल दिला. वस्तूला गुण द्यायचे, ती उघडायला किती सोपी, भाग किती मिळतात यावर. फ्रान्सने असे दहापैकी गुण २०२१ पासून दुकानातल्या पाटीवर लावायला लावले, त्यात वॉशिंग मशीनही होतं. युरोपीय संघाने २०२४ मध्ये त्याही पुढे जाऊन, वॉरंटी संपल्यावरही ठरावीक वस्तू वाजवी दरात दुरुस्त करून देण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांचा मुख्य भर वस्तू मोडीत निघाल्यानंतरच्या पुनर्चक्रीकरणावर आहे. दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांना त्यात जागा आहे, पण ती नोंदणी केलेल्यांना. आमचे चाचा कोणत्याही पोर्टलवर नाहीत. वर्षाला किती पंखे, किती मोटारी, किती मिक्सर त्यांनी भंगारातून मागे ओढले हे कोणत्याच हिशोबात येत नाही. कचरा झाल्यावर तो वितळवणाऱ्याला प्रमाणपत्र, आणि कचरा होऊच न देणाऱ्याला दीडशे रुपये मजुरीतही घासाघीस. हा अन्याय आपण ग्राहकही करतो. शोरूममध्ये छापील किंमत मुकाट मोजणारे आपण चाचांच्या फळीपाशी पन्नास रुपयांसाठी अडून बसतो, आणि मग त्यांचा मुलगा पुण्याला गेला म्हणून हळहळतो.

हे शिकवायचं कुठे, तर शाळेत, आणि त्याचाही नमुना महाराष्ट्रात आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता विज्ञान शिकायचं, वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाक सगळं, मुलींनी आणि मुलांनी मिळून, आणि ते काम गावाच्या खऱ्या गरजेचं. तिथून तो अभ्यास किती तरी शाळांत गेला. आठवीच्या पुस्तकात विद्युतधारा आहे, पण तेवढ्याने घरातला पंखा कळत नाही. एक तास मुलांना शाळेचाच बंद पंखा खाली काढून दाखवला तर तो धडा जन्मभर राहील, हे मी माझ्या वर्गात बघितलंय. त्या दिवशी कंडेन्सर ओळखून दाखवणाऱ्या दोघीही मुली होत्या.

दुरुस्त न होणाऱ्या वस्तूचाही दुसरा संसार असतो. माझ्या भावाच्या शेतातल्या खोलीत बंद पडलेला फ्रिज आडवा ठेवलाय, त्यात हरभऱ्याचं आणि तुरीचं बियाणं असतं. उंदीर शिरत नाही. दाराचं रबर वहिनीने पहिल्या दिवशीच काढलं आणि दाराला साखळी लावली, कारण वाड्यात लहान मुलं खेळतात आणि आत शिरून दार लागलं तर आवाजही बाहेर येत नाही. झाकणावर ती आता पोतं अंथरते.

वॉशिंग मशीन चालू झालं. चाचांनी बोर्डाच्या जागी सेमी-ऑटोमॅटिकचा टायमर बसवला. एक बटण धुण्याला, एक पिळण्याला. आपोआप पाणी भरायची सोय गेली, पण आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही, टाकीतून बादलीनेच भरावं लागायचं. पिळताना झाकण उघडलं की थांबतं तो स्विच तेवढा त्यांनी कायम ठेवला, मी काही म्हणायच्या आधीच. तारा जोडून झाल्यावर मी त्यांना म्हटलं, “चाचा, कोणती तार कुठे लावली ते एका कागदावर काढू या का?” त्यांना हसू आलं, मग म्हणाले, “काढा. उद्या मी नसलो तर दुसरा कोणी उघडंल.” ते सांगत गेले, मी वहीच्या पानावर काढत गेले. निळी मोटारीला, पिवळी कंडेन्सरच्या एका टोकाला, लाल ड्रेनला, हिरवी पत्र्याला, ती कधी काढायची नाही. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला आणि चार स्क्रू लावले. पाचवा आधीच हरवला होता, त्याच्या जागी चाचांच्या डब्यातला एक बसला.